काम थांबवण्याचा हक्क

महाडमध्ये १४ एप्रिलला दोन कार्यक्रम असतात. शहरात चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या जयंतीला सकाळपासून माणसं येत असतात. त्याच दिवशी बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या गेटवर अग्निशमन सप्ताहाचे फलक लागतात, कामगारांच्या छातीवर छोटी चिकटपट्टी लावली जाते आणि सेफ्टी ऑफिसर आगीविषयी दोन शब्द बोलतो. मी पुष्कळ वर्षं ते दोन शब्द बोलत आलो. दरवर्षी मी १९४४ पासूनच सुरुवात करायचो, कारण आमच्या कामाचा पहिला धडा त्या तारखेत आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकंही होती. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटात गेले, आणि बंदराच्या आजूबाजूच्या वस्त्यांचा विध्वंस झाला. कापूस पेट घेतो हे ठाऊक होतं आणि स्फोटकं फुटतात हेही ठाऊक होतं. तरीही दोन्ही एकाच जहाजात भरली गेली होती. रसायनाच्या गोदामात शिरलं की मी आजही आधी हेच पाहतो, कशाच्या शेजारी काय ठेवलंय. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १४ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. आमच्या गावात या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात, आणि माझं सगळं काम त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, असं मला वाटत आलंय.

महाडच्या एमआयडीसीत औषधांसाठी लागणारी रसायनं, रंग, कीटकनाशकांचे घटक असा माल तयार होतो. बहुतेक काम बॅचचं. रिॲक्टरमध्ये सॉल्व्हेंट भरायचं, त्यात एकेक पदार्थ सोडायचा, तापवायचं, थंड करायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये गाळायचं, सुकवायचं. ऐकायला साधं वाटतं, पण टोल्युईन या सॉल्व्हेंटचं उदाहरण घेऊ. चार अंश सेल्सिअसला त्याची वाफ पेटण्याजोगी होते, आणि महाडला डिसेंबरच्या पहाटेही एवढी थंडी पडत नाही. म्हणजे झाकण उघडलं की वर्षाचे बाराही महिने पेटू शकेल अशी वाफ आहेच. ती हवेच्या तिपटीहून जड असते. म्हणून ती वर निघून जात नाही, जमिनीलगत सरकते, गटारात उतरते आणि जिथून निघाली त्याहून भलत्याच ठिकाणी जमा होते. हवेत तिचं प्रमाण शेकडा सव्वा भाग झालं की ठिणगी पुरते. ठिणगी बटणातूनच यायला हवी असं नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून भुकटी भराभर ओतली तर नुसत्या घर्षणाने तयार होणारी स्थिर वीज पुरते. मिथेनॉल पेटलं तर उन्हात ज्योत नीट दिसतही नाही. समोरच्याच्या कपड्याने पेट घेतला की कळतं.

म्हणून नियम आहेत. रिॲक्टरवर नायट्रोजन ठेवायचा, म्हणजे आत प्राणवायू उरत नाही. ड्रम आणि टाकी तारेने जोडून अर्थिंग द्यायचं. फ्लँजवर तांब्याच्या पट्ट्या लावायच्या. ढवळणारा पंखा बंद पडला असेल तर पुढचा पदार्थ सोडायचा नाही, कारण तो न मिसळता साठत राहतो आणि पंखा पुन्हा सुरू केला की साठलेला सगळा एकदम प्रक्रियेत उतरतो. तेव्हा जी उष्णता निघते ती कुठल्याही कूलिंगला आवरत नाही. यातला प्रत्येक नियम कुणाच्या ना कुणाच्या जिवावर शिकलेला आहे, हे मी नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगतो.

कागदाचा भार मोठा आहे आणि तो असायलाच हवा, या मताचा मी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला आम्ही फॉर्म बी म्हणतो, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सॉल्व्हेंटच्या साठ्याला नागपूरच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी मोठ्या साठ्याच्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा सक्तीचा केला आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीमही. या सगळ्यावर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची नजर असते. फाइल नीट असली की तपासणी सुरळीत होते, आणि बऱ्याच ठिकाणी सुरक्षिततेचं काम तिथेच संपतं.

कागद खरा आहे की नाही हे पाहायची माझी रीत साधी होती. पंपहाउसमधला गेज मी सगळ्यात शेवटी पाहायचो. आधी पंपापासून सर्वांत लांबचा हायड्रंट गाठायचा. हा बहुधा मागच्या भिंतीकडे, गवतात दडलेला असतो. तिथली झडप उघडायची आणि साडेतीन किलो दाब मिळतो का ते पाहायचं. मग तिथल्याच माणसाला नळी जोडायला सांगायचं. झडपेचं चाक गंजून बसलेलं असतं, पेटीत नळी असते पण नोझल नसतं, नळी असते पण टोकाची कपलिंग वेगळ्या बनावटीची असते. असल्या गोष्टी पंपहाउसमध्ये उभं राहून कळत नाहीत. वीज तोडून डिझेल पंप आपोआप सुरू होतो का, हेही पाहायचं, कारण खऱ्या आगीत वीज सगळ्यात आधी जाते.

एका कारखान्यातली एक सकाळ इथे सविस्तर सांगतो. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. एप्रिल संपत आला होता. सॉल्व्हेंट रिसीव्हरपासून दहा-बारा मीटरवर पाइपच्या आधाराला वेल्डिंग करायचं होतं. हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणगी उडेल अशा कामाची परवानगी, निघालं. सकाळी गॅस मीटरने हवा तपासली, आकडा शून्य आला. माझ्यासकट तिघांच्या सह्या झाल्या. वेल्डिंग सेट दुसऱ्या कामावर अडकला म्हणून प्रत्यक्ष काम सुरू व्हायला चहाची सुट्टी उलटून गेली. आगीवर नजर ठेवायला ठेकेदाराचा एक हेल्पर उभा केला होता. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याकडचा मुलगा, विशीतला. हातात डीसीपीचा, म्हणजे आग विझवायच्या कोरड्या भुकटीचा, सिलिंडर, बाजूला पाण्याची बादली आणि ओली गोणपाटं.

वेल्डरने होल्डर उचलला आणि हा मुलगा मध्ये उभा राहिला. “थांबा, वास येतोय.” ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, “इथे चोवीस तास वास असतो. परमिट आहे ना? तुला काय कळतंय त्यातलं?” मुलगा म्हणाला, “मला परमिटचं नाय माहीत. पण सकाळी नव्हता, आता येतोय. साहेबांना बोलवा, मग लावा मशीन.” आणि तो जागचा हलला नाही.

मी मीटर घेऊन पोचलो. छातीच्या उंचीवर आकडा शून्यच होता. मुलाने खाली बोट दाखवलं. पाच-सहा पावलांवर गटाराच्या चेंबरचं झाकण होतं. त्याच्या फटीशी मीटरची नळी धरली आणि मीटर ओरडू लागला. पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या दहा टक्क्यांवर आमचा इशारा लावलेला असे, आणि आकडा अठरावर गेला होता. झाकण उचलल्यावर कारण दिसलं. प्लांटचं सांडपाणी गटारात येतं तिथे वाकडा नळ असतो आणि त्यात कायम पाणी साठून राहतं. पलीकडची वाफ अलीकडे येऊ नये म्हणून ते पाणी असतं. एप्रिलच्या उन्हात ते आटलं होतं. सकाळी तपासणी झाली तेव्हा प्लांट शांत होता. मधल्या वेळात आत सेंट्रिफ्यूज उघडला, थोडं सॉल्व्हेंट नालीत गेलं आणि त्याची वाफ कोरड्या नळातून आमच्या पायांखाली आली. ठिणगी तिथेच पडणार होती.

चेंबरमध्ये पाणी सोडलं, वेल्डिंगचं काम उघड्यावर यार्डात नेलं आणि परमिटच्या नमुन्यात बदल केले. तपासणी आणि काम यांच्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला तर हवा पुन्हा तपासायची. सुट्टीनंतर पुन्हा तपासायची. गटार, खड्डा, चेंबर इथली हवा वेगळी नोंदवायची. उन्हाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक वाकड्या नळात पाणी ओतायचं आणि त्याची नोंद ठेवायची.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा कामावर आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की ठेकेदाराने त्याला “उद्या येऊ नकोस, माणसं पुरेशी आहेत” असं सांगितलं होतं. मी मॅनेजरांकडे गेलो. ते मला म्हणाले, “हा ठेकेदाराचा प्रश्न आहे, तुमचा नाही.” मी म्हटलं, “साहेब, हा मुलगा आज गेटच्या आत नसेल तर उद्यापासून या कारखान्यात कुणालाच वास येणार नाही.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि ठेकेदाराला फोन लावला. मुलगा परत आला, त्याचा बुडालेला रोज भरून मिळाला आणि पुढच्या बैठकीत सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांतर्फे त्याला घेतलं. त्या मॅनेजरांविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

आमच्या क्षेत्रात इथेच खरी गाठ आहे. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जी वायुगळती झाली त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कलम ४१ब प्रमाणे आपल्याकडे कोणता धोका आहे हे कामगारांना आणि आजूबाजूच्या लोकांनाही सांगणं मालकावर बंधनकारक झालं. ४१ग ने मालक आणि कामगार यांची सुरक्षा समिती आणली. ४१ह ने कामगाराला एक फार मोलाची गोष्ट दिली. जिवाला धोका आहे अशी त्याला रास्त शंका आली तर तो व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही तसं कळवू शकत होता, आणि धोका खरा असेल तर व्यवस्थापनाला ताबडतोब उपाय करावा लागत होता. माझी नोकरी याच कायद्याखाली झाली; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. कलमात धोका कळवण्याचा हक्क होता. हातातलं काम तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार मात्र कंपनीला आपल्या परमिटच्या नियमात लिहून द्यावा लागतो. तो लिहून दिला तरी वापरणारा हेल्पर रोजंदारीवर असतो. त्याला कलम माहीत नसतं, ठेकेदाराचा चेहरा तेवढा माहीत असतो.

हा विचार करताना महाडच्या माणसाला तळ्याचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण होता. तरी अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणी त्या पाण्याला हात लावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाचा पहिल्यांदा अंमल झाला. त्याची किंमतही लोकांनी मोजली. परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ उजाडलं. त्या लढ्याची थोरवी फार मोठी आहे आणि कारखान्यातली कुठलीही गोष्ट तिच्या बरोबरीला मी बसवणार नाही. पण त्या काठावर वाढलेल्या माणसाने एवढं तरी शिकावं की हक्क लिहून झाला म्हणून मिळत नाही. तो कुणाला तरी वापरावा लागतो, आणि वापरणाऱ्याच्या पाठीशी बाकीच्यांना उभं राहावं लागतं.

भाषेचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. एमआयडीसीत आता महाड-पोलादपूरच्या मुलांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं मोठ्या संख्येने आहेत. रसायनाची माहितीपत्रकं इंग्रजीत, सूचना मराठीत, आणि ड्रम उचलणारा भोजपुरी बोलणारा. कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना लावायची तरतूद कायद्यात आहे, पण फलक लावल्याने काम होत नाही. आम्ही शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलायची पद्धत ठेवली. रोज एकच पदार्थ घ्यायचा. तो पाण्याला भेटला तर काय होतं, अंगावर उडाला तर काय करायचं, आणि शेवटी कामगारानेच ते आपल्या भाषेत शेजारच्याला सांगायचं. सांगता आलं तर समजलं.

पाण्याला भेटला तर, हे मी मुद्दाम म्हणतो. आगीच्या कामात पाणी हा मित्र धरला जातो. महाडमध्ये ते पुरतं खरं नाही. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोडियमचा तुकडा पाण्यात पडला की हायड्रोजन निघतो आणि पेटतो. थायोनिल क्लोराइडला पाणी लागलं की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सल्फर डायऑक्साइडचे लोट उठतात. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीला पूर आला, महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. त्या रात्री आम्ही मोजके लोक कारखान्यात होतो. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. सोडियमचे डबे आणि थायोनिलचे ड्रम वरच्या मजल्यावर नेताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, आमच्या आराखड्यात पुराचं पानच नाही. आराखड्यांचे नमुने सगळीकडे सारखे असतात. ज्या गावात ते वापरायचे तिथला डोंगर आणि नदी त्यात आपण घालायची असते. त्यानंतर पाण्याशी वैर असलेल्या प्रत्येक पदार्थाला उंचीची रेघ ठरली आणि डिझेल पंपाचा चौथरा वाढवला.

रस्त्यांचंही तसंच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसट्या गेल्या. पावसाळ्यात महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट दरडींनी कधी बंद होईल सांगता येत नाही. आमच्या एमआयडीसीत मोठी आग लागली तर जादा बंब आणि फोम मुंबई-गोवा महामार्गानेच येणार, उत्तरेकडून किंवा खेडजवळच्या लोट्याकडून. कारखान्याबाहेरच्या आपत्तीच्या आराखड्याची दरवर्षी तालीम व्हावी असं नियम सांगतो. ती भर पावसाळ्यात, एक रस्ता बंद आहे असं धरून झाली पाहिजे, आणि बिरवाडीपासून आसपासच्या गावांच्या सरपंचांना, आशाताईंना, शाळेच्या मास्तरांना तीत बोलावलं पाहिजे. सायरन वाजला तर घरात थांबून दारं-खिडक्या लावायच्या की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, हे त्यांनाच आधी कळायला हवं.

३ नोव्हेंबर २०२३ ला आमच्याच एमआयडीसीत ब्लू जेट हेल्थकेअरच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार गेले. दिवाळी आठवड्यावर आली होती. एनडीआरएफची माणसं आत शोध घेत होती आणि गेटबाहेर नातेवाईक ताटकळत उभे होते. कारणांची मीमांसा करणं हे तपास यंत्रणांचं काम आहे, मी त्यात शिरत नाही. डोंबिवलीने २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला हेच दुःख पाहिलं. अशा प्रत्येक घटनेनंतर तपासण्या वाढतात, नोटिसा निघतात, फाइली जाड होतात. ते व्हावंच. निरीक्षकांची रिकामी पदं भरली जावीत, तपासणी अचानक व्हावी, प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला खोट्या सहीची शिक्षा व्हावी. पण निरीक्षक वर्षातून एखादा दिवस येणार आणि हेल्पर रोज आठ तास तिथेच उभा असणार. वाफ सरकते तेव्हा तो तिथे असतो.

नवे सेफ्टी ऑफिसर कधीमधी सल्ल्याला येतात. हायड्रंट, फोम, अलार्म, प्रशिक्षण यांची आकडेवारी त्यांच्याकडे तयार असते आणि ती कामाची असते. ती पाहून झाली की मी त्यांना त्यांच्या कारखान्यातली काम थांबवल्याची वही मागतो. गेल्या सहा महिन्यांत कोणी काम थांबवलं, कशासाठी, आणि त्या माणसाची दुसऱ्या दिवसाची हजेरी लागली का? काहींची वही कोरी असते आणि ते अभिमानाने सांगतात की आमच्याकडे असा प्रसंगच आला नाही. रसायनाच्या कारखान्यात सहा महिने कुणालाच काही खटकलं नाही हे मला पटत नाही. कुणीतरी पाहिलं असणार आणि गप्प बसलं असणार. मी त्यांना सांगतो, उद्या प्लांटवर जा, सगळ्यात नव्या कंत्राटी कामगाराला गाठा आणि मॅनेजरांना शेजारी उभं करून त्याला सांगा की शंका आली तर तू थांबवायचंस, शंका खोटी निघाली तरी तुझा रोज बुडणार नाही. हे लिहून द्या, त्याच्या भाषेत लिहा, ठेकेदाराच्या करारात घाला. पहिल्यांदा कुणी काम थांबवेल आणि काहीच निघणार नाही, तेव्हा सगळ्यांसमोर त्याचे आभार माना. दुसरा माणूस तोंड उघडणार की नाही, हे त्या दिवशी ठरतं.